पेटीला नंबर द्या: मोबाईलवरून आंबा विकणाऱ्यांसाठी

एप्रिल उजाडला की देवगडपासून दापोलीपर्यंत बागायतदाराचा मोबाईल दिवसभर थांबत नाही. पुण्याच्या काकूंना अक्षय्यतृतीयेच्या आत दोन डझन हवे असतात. ठाण्याच्या मेहुण्याने व्हॉइस मेसेज टाकलेला असतो, "गेल्या वेळसारखीच पेटी धाड." कोणाचे पैसे खात्यात आलेले असतात पण कोणाचे ते कळत नाही, आणि कोणाचा पत्ता तीन मेसेजांत तुकड्यातुकड्यांनी आलेला असतो. झाडावर चढणारा गडी सकाळी सहाला दारात उभा. अशा घाईत ऑर्डर चॅटमध्येच राहून जाते, आठवडाभराने नव्या मेसेजांखाली गाडली जाते, आणि फळ पहिल्या प्रतीचं असूनही गिऱ्हाईक तुटतं.

यावर उपाय एकच आहे आणि तो फुकट आहे: प्रत्येक ऑर्डरला एक नंबर द्यायचा आणि तोच नंबर सगळीकडे लावायचा. नोंदीत तो, पैशांत तो, पेटीवर तो, फोटोत तो, गाडीच्या पावतीवर तो. पुढे जे काही लिहिलंय ते सगळं या नंबराभोवतीच फिरतं.

नंबर १०१ पासून सुरू करा, म्हणजे हंगामभर तीन आकडी राहतो आणि पेटीवर दुरून वाचता येतो. तो द्यायचा आगाऊ रक्कम जमा झाल्यावरच. नुसतं "आमच्यासाठी ठेवा हां" म्हणणाऱ्याला नंबर नाही. हा नियम कठोर वाटतो, पण फोनवर शब्द देणाऱ्यांतले बरेच जण ऐनवेळी फोन उचलत नाहीत, आणि तोवर तुम्ही त्यांच्या भरवशावर फळ उतरवून आढी लावलेली (पेंढ्यात पिकायला घातलेलं) असते. आंबा काही दुकानातल्या साबणासारखा पुढच्या महिन्यापर्यंत थांबत नाही.

नोंदीसाठी गूगल शीट पुरतं. वेगळं अॅप विकत घ्यायची गरज नाही. मात्र रकाने मोबाईलच्या पडद्याला झेपतील एवढेच ठेवा: नंबर, नाव, मोबाईल, थांबा (गाडीतून पेटी उतरवून घ्यायची जागा) किंवा पिनकोड, माल, कधी खायचा, एकूण, आगाऊ, बाकी, पाठवला, पोचला. पहिले दोन रकाने गोठवून ठेवा, म्हणजे बोटाने उजवीकडे सरकवलं तरी कोणाची ओळ आहे ते दिसत राहतं. "बाकी"मध्ये हाताने आकडा टाकायचा नाही, एकूण वजा आगाऊ असं सूत्र एकदा लावून खालपर्यंत ओढून घ्यायचं.

या शीटमध्ये ठरलेल्या चार जागी माणसं फसतात. पहिली, मराठी कीबोर्डवरचे अंक. नाव मराठीत लिहून तसंच पुढे देवनागरी आकडे टाकले की शीट त्यांना अक्षरं समजतं आणि बेरजेत धरत नाही. ओळी दिसतात बरोबर, बेरीज येते कमी. आकड्यांसाठी कीबोर्ड इंग्रजीवर न्या. दुसरी जागा तारखेची. शीटची सेटिंग अमेरिकेची असेल तर ५/४ म्हणजे ५ एप्रिल न धरता ४ मे धरलं जातं. दोन्ही तारखा ऐन हंगामातल्या, त्यामुळे चूक डोळ्याला दिसत नाही, आणि जो आंबा एप्रिलच्या सुरुवातीलाच जायला हवा तो महिनाभर यादीत खाली पडून राहतो. सेटिंगमध्ये देश भारत ठेवा, आणि त्यातूनही शंका असेल तर वर्ष आधी लिहा: २०२६-०४-०५. अशा लिखाणात घोळ होत नाही. तिसरी, मोबाईल नंबराच्या आधी शून्य किंवा अधिकचं चिन्ह लावणं. शीट शून्य खाऊन टाकतं आणि अधिकच्या चिन्हाला गणित समजतं. दहा आकडेच लिहा. चौथी सगळ्यात महाग पडते: रेंज.

आपल्याकडे वाडी खाली खोऱ्यात आणि टॉवर वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. बागेत गेलं की नेट गायब. म्हणून शीट "ऑफलाइन उपलब्ध" करून ठेवा. तसं केल्यावर रेंज नसताना लिहिलेलं फोनमध्ये राहतं आणि रेंज आली की वर चढतं. पण घरातल्या दोघांनी दोन फोनवर रेंजबाहेर असताना एकाच ओळीत वेगवेगळं लिहिलं, तर शेवटी चढलेलं राहतं आणि आधीचं पुसलं जातं. त्यामुळे शीटमध्ये लिहिणारा माणूस एकच हवा. बाकीच्यांना फक्त बघण्याची परवानगी द्या. मुलाने फोनवर ऑर्डर घेतली तर त्याने आईला मेसेज करावा आणि आईने नोंदवावं. अनेक घरांत हिशोबाचं डोकं बाईचंच चांगलं असतं, आणि ती दिवसभर बागेत नसल्यामुळे तिच्या फोनला रेंजही असते.

आता ऑर्डर घेण्याकडे येऊ. भाव सांगण्याआधी गिऱ्हाइकाला एक प्रश्न विचारायचा: "कधी खायचा आहे?" कधी पाठवू, हा प्रश्न नंतरचा. हापूस साधारण चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण, तयारीचा उतरवतात, आणि कच्चा गेलेला आंबा पेंढ्यात पिकायला हवेच्या उष्णतेप्रमाणे आठ-दहा दिवस घेतो. गिऱ्हाइकाने "१५ तारखेला पाठवा" म्हटलं आणि तुम्ही १५ला कच्चा पाठवलात, तर १६च्या पूजेला त्याच्या घरी हिरवीगार पेटी. चूक कोणाचीच नाही, पण बोल तुम्हालाच. "कधी खायचा" हा रकाना यासाठीच ठेवलाय. शीट त्याच रकान्यावर क्रमाने लावायचं, ऑर्डर कधी आली त्यावर नाही.

दुसरं, डझन म्हणजे किती, हे वजनात सांगा. दोनशे ग्रॅमच्या फळांचा डझन दोन किलो चारशे भरतो, तीनशेच्या फळांचा तीन किलो सहाशे. दोन्ही "एक डझन हापूस"च. भावावरून होणारी निम्मी भांडणं या एका शब्दामुळे होतात.

बोलणं फोनवर झालं असलं तरी ठरलेलं लिहून पाठवायचंच. व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये झटपट उत्तरं साठवता येतात, स्लॅश दाबून छोटा शब्द टाकला की पूर्ण मजकूर समोर येतो. तिथे हा साचा ठेवा आणि दर वेळी आकडे बदला:

"नमस्कार काकू. तुमची ऑर्डर नंबर १४१.
हापूस, फळ २५० ते ३०० ग्रॅम, २ डझनच्या २ पेट्या.
कच्चा पाठवतोय, खायला तयार साधारण २८ एप्रिलपासून.
थांबा: स्वारगेट. पेटी घ्यायला येणाऱ्याचं नाव आणि मोबाईल कळवा.
एकूण ३९०० रुपये, गाडीभाड्यासह. आगाऊ १९५० पोचले, बाकी १९५०.
यात काही चुकलं असेल तर आजच सांगा."

शेवटची ओळ गाळू नका. गिऱ्हाइकाचं "हो, बरोबर" आलं की मगच ऑर्डर पक्की. दुसरी खबरदारी: पत्ता चॅटमध्ये वाचत बसू नका, आला की लगेच शीटमध्ये उतरवा. पाठवलेला मेसेज माणूस पंधरा मिनिटांपर्यंत बदलू शकतो आणि सुमारे दोन दिवसांपर्यंत पुसूही शकतो. व्हॉइस मेसेजमधला पत्ता स्वीकारूच नका. "ताई, जरा टाईप करून पाठवाल का, पेटीवर लिहायचाय" म्हटलं की कोणी नाही म्हणत नाही.

चॅटला रंगीत लेबलं लावता येतात, वीसपर्यंत. चार पुरतात: पैसे यायचे, पाठवायचं, गाडीत, तक्रार. लेबल म्हणजे पुढचं काम काय, एवढंच. हिशोब लेबलांत ठेवायला जाल तर दोन आठवड्यांत सगळी चॅट हिरवी-पिवळी होऊन कशाचाच अर्थ राहणार नाही.

पैशांचं थोडं सावकाश बघू. धंद्यासाठी वेगळं बँक खातं आणि त्यालाच जोडलेलं यूपीआय हवं. घरखर्चाच्या खात्यात आंब्याचे पैसे आले की वीजबिल, किराणा आणि कामगारांची मजुरी यांच्यात पेटीचे पैसे शोधत बसावं लागतं. दिवसाला पंधरा जणांचे १९५० रुपये आले तर कोणते कोणाचे? अनेकदा पैसे पाठवणारं नाव मुलाचं किंवा सुनेचं असतं, ऑर्डर सासूची. इथे नंबराचे शेवटचे दोन आकडे पैशांत लावायचे. १४१ नंबरच्या काकूंना सांगायचं, "१९५० रुपये ४१ पैसे पाठवा." यूपीआयला पैसे चालतात. खात्यात १९५०.४१ दिसलं की नाव काहीही असो, ऑर्डर १४१. यासाठी पैसे मागतानाच नंबर मनाशी राखून ठेवायचा आणि जमा झाल्यावर पक्का करायचा. शीटमध्ये मात्र पूर्ण रुपये धरा. शंभराच्या पुढच्या फेरीत तेच पैसे पुन्हा येतात, पण १४१ आणि २४१ एकाच आठवड्यात क्वचितच पडतात. जे विसरतात त्यांच्याकडून व्यवहाराच्या बारा आकडी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे मागून घ्या.

स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. तो कोणीही बनवू शकतो. बँकेच्या अॅपमध्ये जमा दिसल्याशिवाय नंबर नाही, पेटी नाही. "पेंडिंग" दाखवत असेल तर गिऱ्हाइकाला लगेच दुसऱ्यांदा पाठवायला सांगू नका, आधी पहिल्याचा निकाल लागू द्या. आणि एक फसवणूक हंगामात नेमकी डोकं वर काढते: अनोळखी माणूस पन्नास डझनांची ऑर्डर देतो, भावाला हुज्जत घालत नाही, आणि "हा क्यूआर स्कॅन करा, तुमच्या खात्यात आगाऊ जमा होईल" म्हणतो. पैसे घ्यायला स्कॅनही लागत नाही आणि पिनही लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात. तसं झालंच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

चाकरमानी नातेवाईकांची उधारी हा अवघड विषय. मामा-आत्यांकडे आगाऊ मागायला जीभ रेटत नाही, आणि मागूही नये असं वाटत असेल तर मागू नका. पण नंबर त्यांनाही द्या, ओळ त्यांचीही लिहा. भेट म्हणून पाठवलेल्या पेटीलाही नंबर हवा, रकमेच्या जागी शून्य टाकून. नाहीतर मे अखेरीस बागेतून किती डझन गेले आणि किती विकले यांचा मेळ कधीच लागत नाही, आणि आंबा चोरीला गेल्यासारखं वाटून बिचाऱ्या गड्यांवर संशय जातो.

शीटमध्ये दुसरं पान करा, त्यात चारच रकाने: तारीख, तोड किती डझन निघेल, किती डझनांचा शब्द दिलाय, शिल्लक. तोडीच्या अंदाजाच्या पाऊणपटच शब्द द्यायचा. शंभर डझन निघतील वाटत असेल तर पंचाहत्तरलाच थांबा. डागी, बारीक आणि झेल्यातून (आंबा उतरवायच्या जाळीतून) सुटून आपटलेलं फळ प्रतवारीत बाजूला पडतंच, शिवाय एका रात्रीच्या वाऱ्याने आख्खं गणित फिरतं. वर राहिलेलं फळ वाशीच्या घाऊक बाजाराला किंवा कॅनिंगला जाईल, वाया जाणार नाही. शब्द दिलेला आंबा नसणं जास्त महागात पडतं.

भरण्याच्या जागी मोबाईल नेऊ नका. आंब्याचा चीक हाताला लागला की अंगठ्याचा ठसा उमटत नाही, पडदा चिकट होतो आणि भलत्याच जागी बोट लागतं. रात्री आठ वाजता उद्याच्या ओळी गाळून काढा आणि कागदावर हाताने उतरवा: नंबर, फळाचा आकार, डझन, थांबा. हा कागद पडवीत खिळ्याला लटकवा. भरणारा माणूस पेटी झाली की नंबरापुढे खूण करील. त्याला गिऱ्हाइकाचं नाव माहीत असण्याची गरजच नाही.

पेटीवर नंबर न पुसणाऱ्या मार्करने, वरच्या झाकणावर आणि एका बाजूवर, बोटभर उंचीचा. पेट्या एकावर एक रचल्या की झाकण झाकलं जातं, म्हणून बाजू. साध्या स्केचपेनची शाई आपल्या दमट हवेत पुठ्ठ्यावर फुटते आणि १४१ चा १४७ होतो. झाकण लावण्याआधी एक फोटो: आतली फळं दिसतील आणि नंबर लिहिलेली बाजूही दिसेल असा. नंतर पावती हातात आली की तिचा दुसरा फोटो. दोन्ही लगेच गिऱ्हाइकाला पाठवा, सोबत गाडीचा नंबर, चालकाचा मोबाईल, थांबा आणि पोचण्याची वेळ. मुंबईच्या गाड्या पहाटे पोचतात. पनवेल किंवा सायनला पेटी घ्यायला पहाटे कोणी उभं नसेल तर ती पुढे जाते आणि मग दिवसभर फोनाफोनी. म्हणून आदल्या रात्रीच एक मेसेज, "काका, उद्या पहाटेची गाडी आहे, फोन चालू ठेवा."

पोचल्यावर काय करायचं याचंही झटपट उत्तर साठवून ठेवा: पेटी लगेच उघडा, फळं पेंढ्यावर मोकळी पसरा, फ्रिजमध्ये ठेवू नका, रोज एकदा पाहून पिकलेली बाजूला काढा. बंद पेटी तशीच कपाटाखाली ठेवून मग "आंबे कुजले" म्हणणारे दरवर्षी भेटतात. साक्याची, म्हणजे आतला गर खराब निघाल्याची, तक्रार मात्र खरी असू शकते, कारण साका बाहेरून दिसत नाही. फळ कापल्याच दिवशी फोटो पाठवायला सांगा, नंबर विचारा, तुमच्याकडचा भरतानाचा फोटो काढा आणि तितकी फळं पुढच्या पेटीत वाढवून द्या. किती द्यायची ते त्याच ओळीत लिहा. नुसतं "पुढच्या वेळी बघू" म्हणाल तर तुम्ही विसराल, गिऱ्हाईक विसरणार नाही.

व्हॉट्सअॅप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये फोटो या वर्षीचे आणि आपल्याच बागेतले ठेवा. कोकणातल्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, पण ती खूण पेटीवर लावायची तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झालेली हवी. झाली असेल तर तेही कॅटलॉगमध्ये लिहा, गिऱ्हाईक विचारतंच.

फोनची काळजी फेब्रुवारीतच घ्यायची. संपर्क सिममध्ये किंवा नुसत्या फोनमध्ये न ठेवता गूगल खात्यात ठेवा, आणि नाव शोधता येईल असं लिहा: "आंबा पुणे स्वारगेट" आणि पुढे आडनाव. मार्चमध्ये भाव कळवायचा असेल तेव्हा "आंबा पुणे" टाकलं की सगळे एका खाली एक. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा पाठवायच्या यादीत, २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. म्हणून पहिल्या ऑर्डरलाच "आमचा नंबर सेव्ह करून ठेवा" म्हणा.

गूगलची फुकट जागा १५ जीबी. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअॅपचा बॅकअप त्यातच मोजला जातो. लग्नाचे व्हिडिओ आणि सुप्रभातचे फोटो यांनी ती भरली की बॅकअप मुकाट्याने बंद पडतो, ईमेलही येत नाहीत, आणि कळतं ते फोन बिघडल्यावर. ग्रुपमधले फोटो आपोआप उतरवणं बंद करा. बॅटरीच्या सेटिंगमध्ये व्हॉट्सअॅप आणि बँकेचं अॅप यांना "अनरिस्ट्रिक्टेड" ठेवा, नाहीतर फोन बॅटरी वाचवायला त्यांना झोपवतो आणि मेसेज तासाभराने एकदम येतात. व्हॉट्सअॅपचा दोन टप्प्यांचा पिन चालू करा. एक जुना फोन जोडलेलं उपकरण म्हणून लावून घरी ठेवा. मुख्य फोन विहिरीत पडला तरी त्यावर चॅट चालू राहते, चौदा दिवसांपर्यंत. हे फार उपयोगी आहे, कारण नवं सिम घेतलं तरी पहिले चोवीस तास त्यावर एसएमएस येत नाहीत, म्हणजे बँकेचा ओटीपीही नाही. आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, *#०६# दाबून आजच कागदावर लिहून ठेवा, फोन चोरीला गेला तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर फोन अडवायला तो लागतो.

कातळावर उन्हात फोन ठेवला की तो तापतो, चार्जिंग थांबतं, कॅमेरा बंद होतो. सावलीत थंड होऊ द्या, पाण्याचा हात लावू नका. पॉवर बँक १०,०००ची असली तरी प्रत्यक्षात साठ-पासष्ट टक्केच हाती लागते, म्हणजे ५,०००चा फोन एकदा पूर्ण आणि वर थोडा. २०,०००ची घ्या. मे २०२१च्या तौक्ते वादळात ऐन हंगामात कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती, टॉवर बंद होते. अशा वेळी कोणाची पेटी गेलीय आणि कोणाची राहिलीय हे सांगू शकतो तो पडवीतला खिळ्यावरचा कागद. म्हणून ते कागद फेकायचे नाहीत, तारीखवार एका तारेत ओवून ठेवायचे.

पावसाचे पहिले ढग दिसले आणि शेवटची पेटी गेली की "बाकी" रकान्यात शून्यापेक्षा मोठे आकडे गाळून काढा. जूनच्या पहिल्या आठवड्यातच आठवण करा, नंबर आणि पेटीचा फोटो जोडून. गणपतीला गावी आल्यावर मागू म्हणून ठेवलं तर आकड्यावरून वाद होतो, कारण तोवर दोघांच्याही लक्षात वेगवेगळी रक्कम असते. मग शीटची प्रत काढून तिला वर्षाचं नाव द्या, मूळ शीटमधल्या ओळी पुसा, सूत्रं तेवढी ठेवा, आणि पहिल्या ओळीत पुन्हा १०१ लिहून ठेवा.